पहिल्या सत्राची सोबत

दरवर्षी प्रवेशाच्या याद्या लागल्या की दिवाळीपर्यंत माझं निम्मं लक्ष स्वतःच्या संशोधनात आणि निम्मं एम.ए.ला नव्याने आलेल्या मुलामुलींत असतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, मानव्य शाखेतल्या एका विभागात मी पीएच.डी. करते. गाव परभणी जिल्ह्यात. एम.ए.लाही इथंच होते. तेव्हा ज्या ताई-दादांनी मला सांभाळून घेतलं, त्यांच्याकडून हे काम आमच्याकडे आलं. ते कुणी नेमून दिलेलं नाही, त्याला पद नाही की मानधन नाही. दुसऱ्या वर्षाची मुलं आणि आम्ही काही संशोधक विद्यार्थी मिळून ते करतो.

येणाऱ्यांत पुण्यातली मुलं असतातच, पण निम्म्याहून जास्त बाहेरची. नांदेड, हिंगोली, बीड, धाराशिव, यवतमाळ, नंदुरबार, एखादा गडचिरोलीचा. तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, प्रवेश परीक्षा देऊन गुणवत्ता यादीत नाव आणलेली. बहुतेकांच्या घरातून विद्यापीठाची पायरी चढणारं हे पहिलंच माणूस. हुशारीत ती कुठंच कमी नसतात. अडतं ते दुसऱ्याच गोष्टींवर. कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा, सरांच्या केबिनमध्ये जाऊन नेमकं काय विचारायचं, मेसवाल्याशी कसं बोलायचं, पंधरा पानांचा इंग्रजी लेख परवापर्यंत वाचून या म्हटल्यावर सुरुवात कुठून करायची.

माहितीचा आता तुटवडा नाही. वेबसाइटवर सूचना असतात, स्वागताच्या कार्यक्रमात सगळं सांगितलं जातं, व्हॉट्सॲपच्या गटावर पीडीएफ येत राहतात. तरी मुलं अडकतात. कारण ज्याला सगळ्यात जास्त गरज असते तो गटावर कधीच काही विचारत नाही. शंभरजणांसमोर आपलं अडाणीपण दिसेल, या धाकाने तो गप्प बसतो आणि एकटाच रांगेत उभा राहून एकटाच परत येतो. अशा मुलाबरोबर एकदा कुणी त्या खिडकीपर्यंत चालत गेलं, तर पुढच्या वेळी तो आपला आपण जातो, वर आणखी एकाला घेऊन जातो. आमचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. विचारण्याची वाट बघायची नाही, आपण आधी फोन करायचा आणि सोबत जायचं.

म्हणून यादी लागली की दुसऱ्या वर्षाचे एकेकजण नव्यातले दोघं-तिघं वाटून घेतात. जमेल तिथं त्याच भागातले, आणि मुलींना मुलीच. पहिला फोन मुलं गावाहून निघायच्या आधी जातो. त्यात अभिनंदन वगैरे असतंच, पण मुख्य म्हणजे येताना काय आणायचं ते. मूळ कागदपत्रं आणि प्रत्येकाच्या झेरॉक्स. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांना टीसीबरोबर मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं आणि ते काढायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आजच टाक. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून चालू वर्षाचा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत बघून घे. आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर कुठला आहे ते घरात विचार, ते सिम चालू असेल तर बरोबर आण. या शेवटच्या गोष्टीचं मुलांना नवल वाटतं. त्याचं कारण पुढे येईलच.

ट्रॅव्हल्सने येणारी मुलं पहाटे संगमवाडीला उतरतात, एसटीची वाकडेवाडीला. दोन्ही ठिकाणांहून विद्यापीठ जवळ आहे, पण रिक्षावाला नव्या माणसाला ते जवळ वाटू देत नाही. कुणाला तरी घ्यायला पाठवतो. पहाटेच्या त्या वेळी ओळखीचं माणूस समोर दिसलं की बरोबर आलेल्या वडिलांचा चेहराच सांगतो, की आता त्यांना संध्याकाळच्या गाडीने परत जाता येईल.

मग राहण्याचा प्रश्न. वसतिगृहातल्या जागा गुणवत्ता आणि आरक्षणानुसार भरतात आणि मागणी जागांपेक्षा कायम जास्त असते. यादी लागेपर्यंत कुठं तरी टेकायला हवंच. ज्यांना मिळत नाही ते खडकी, बोपोडी, जुनी सांगवी, पांडवनगर, वडारवाडी या भागांत कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत तीन-चार कॉट, भाडं कॉटमागे. खोली बघायला जाताना आमच्यातलं कुणी तरी बरोबर असतंच. पाणी किती वाजता येतं, लाइटबिल भाड्यात धरलंय की वेगळं, रात्री खालचं दार किती वाजता बंद होतं, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, हे सगळं त्या मुलादेखत विचारायचं, म्हणजे त्याच्याही कानावर पडतं. डिपॉझिट रोख देऊ नये. द्यावंच लागलं तर मालकाच्या नंबरवर तिथल्या तिथं मेसेज टाकायचा की आज एवढे मिळाले, आणि त्याच्याकडून ‘हो’ येईपर्यंत जिना उतरायचा नाही. सांगवीत नदीकाठच्या गल्लीत तळमजला मिळत असेल तर शेजारी विचारायचं, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं. एजंट टाळता आला तर उत्तम, कारण महिन्याभराचं भाडं त्याच्या खिशात जातं आणि ते पैसे मुलांच्या पहिल्या दोन महिन्यांच्या जेवणाचे असतात.

एका गोष्टीबद्दल मात्र राग अजून तसाच आहे. धाराशिवकडचा एक मुलगा, शांत, अभ्यासू. फोनवर खोलीचं सगळं ठरलं होतं. आम्ही दोघं गेलो. बाईंनी पाणी दिलं, खोली दाखवली, कॉट कुठली तेही सांगितलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “आडनाव काय म्हणालात?” त्याने सांगितलं. बाई आत गेल्या, नवऱ्याशी काहीतरी बोलल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, पुतण्या येणार आहे गावाहून, त्याला लागेल ही खोली. मी दोन शब्द बोलले, ते वाया गेले. तो मुलगा बसस्टॉपपर्यंत काही बोलला नाही. तिथं आल्यावर म्हणाला, “ताई, गावाकडं निदान तोंडावर सांगत्यात.”

तेव्हापासून आमच्याकडच्या खोल्यांच्या यादीत एक खूण असते. ज्या घरी आडनाव विचारलं जात नाही, ती घरं आधी. ती यादी मोठी नाही, पण दरवर्षी वाढते. ज्या मुलांना या अपमानातून जावं लागतं त्यांना ‘मनावर घेऊ नकोस’ असं आम्ही सांगत नाही. मनावर घेण्याचीच ती गोष्ट आहे. त्या संध्याकाळी त्या मुलाला एकटं सोडायचं नाही, एवढं पाळतो.

मेसचं तुलनेने सोपं. आधी एक दिवस पैसे देऊन जेवून बघ, मगच महिना भर. खाडा किती दिवसांचा धरतात ते विचार, म्हणजे गावी गेल्यावर तेवढे दिवस वजा होतील. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, हे नव्या मुलांना पहिल्या रविवारी रात्री कळतं. म्हणून त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांना एकत्र जेवायला बोलावतो. भाकरी कुठं मिळते ही चौकशी मराठवाड्यातली मुलं पहिल्याच आठवड्यात करतात आणि ती शोधून काढतातच.

आता कागदांकडे येते. इथं मुलांचे महिनेच्या महिने जातात आणि पैसे बुडतात ते इथंच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शिष्यवृत्तीचे बहुतेक अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरायचे असतात. कुणाला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, कुणाला राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, कुणाला पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांनी शासकीय वसतिगृहासाठी अर्ज केला आणि जागा मिळाली नाही, तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी त्यांना स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरवलेली आहे. तशीच आदिवासी मुलांसाठी स्वयंम योजना आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी अलीकडे ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. कुठली कुणाला लागू, हे त्या त्या मुलाबरोबर बसूनच ठरवावं लागतं. मोघम सांगून उपयोग नसतो, कारण एक चुकीचा पर्याय निवडला की दुसऱ्याचं दार बंद होऊ शकतं. पैसे सत्राच्या सुरुवातीला हातात येतील असं धरून कुणी खोली घेऊ नये, हेही आम्ही आधीच सांगतो.

आणि अर्ज बरोबर भरला, मंजूर झाला, तरी पैसे कुठल्या खात्यात जातात? अर्जात लिहिलेल्या खात्यात जातील, असं सगळे समजतात. प्रत्यक्षात थेट लाभाचे पैसे आधारला जे खातं जोडलेलं असेल त्यात जातात. किनवटकडच्या एका मुलीने पुण्यात नवं खातं उघडलं, त्याचं पासबुक अर्जाला लावलं. महिने गेले. पोर्टलवर रक्कम वितरित झाल्याचं दिसतंय, खात्यात मात्र रुपया नाही. ती रोज बँकेत जायची आणि बँकेतले लोक सांगायचे, आमच्याकडे काही आलेलं नाही. ते खरंच सांगत होते. आम्ही दोघींनी आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती बघायचं ठरवलं, तर ओटीपी जाईना. आधारला जोडलेला नंबर तिच्या मामाचा निघाला, ती आठवीत असताना दिलेला, आणि मामाने ते सिम कधीच बंद केलेलं. मग पोस्टातल्या आधार केंद्रात जाऊन आधी नंबर बदलला. काही दिवसांनी स्थिती बघितली, तर आधार जोडलेलं होतं गावाकडच्या एका बँकेला. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं खातं. त्याचं पासबुक कुठं आहे हे घरात कुणालाच आठवत नव्हतं. तिचे वडील त्या बँकेत गेले तेव्हा कळलं, पैसे तिथं येऊन पडले होते.

तिने मला विचारलं, “ताई, हे आधी कामून कुणी सांगत नाही?” मला तो प्रश्न अगदी रास्त वाटला. म्हणून आता पहिल्या आठवड्यातच, अर्ज भरायच्याही आधी, प्रत्येकाकडून हे बघून घेतो. नंबर चालू आहे का, आधार कुठल्या बँकेला जोडलंय, ते खातं हातात आहे का. दहा मिनिटांचं काम आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठीही मुलाने गावी जायची गरज नसते. वडिलांनी तलाठ्याचा अहवाल आणि बाकी कागदांचे फोटो पाठवले तर ‘आपले सरकार’ पोर्टलवर इथून अर्ज करता येतो. शेतीच्या ऐन कामात वडिलांचा सेतूवरचा एक हेलपाटा वाचतो, त्यांची त्या दिवसाची मजुरी वाचते.

परिसर दाखवायला एक दुपार पुरते. विद्यापीठाची मुख्य इमारत, म्हणजे पूर्वीचा गव्हर्नरचा बंगला, १८६४ ते १८७१ या काळात बांधलेला. तिथं सगळे फोटो काढतात आणि घरी पाठवतात. पाठवावेतच, घरच्यांनाही कळू दे आपलं लेकरू कुठं शिकतंय. पण आमचा खरा मुक्काम जयकर ग्रंथालयात असतो. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर यांच्या नावाचं हे ग्रंथालय. कार्ड कसं काढायचं, कॅटलॉगमध्ये पुस्तक सापडलं की कपाटापर्यंत कसं पोचायचं, नियतकालिकांचे जुने अंक कुठं असतात, हे हाताने करून दाखवावं लागतं. तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपालांकडे चिठ्ठी द्यायची आणि ते आतून पुस्तक आणून देणार, अशी सवय असते. इथं कपाटांमध्ये आपण मोकळं हिंडू शकतो, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा काही मुलं तिथंच उभी राहून वाचत बसतात. अशा वेळी त्यांना हलवायचं नाही. आरोग्य केंद्र, झेरॉक्सची दुकानं आणि अनिकेत कँटीन त्यांना आपोआप सापडतं.

अभ्यासाचं सगळ्यात अवघड असतं. मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत जास्त जीव तिथंच लावावासा वाटतो.

विद्यापीठाच्या विभागांमध्ये निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. चाचणी, निबंध, सादरीकरण, पुस्तक परीक्षण, ज्या त्या विषयाच्या शिक्षकांनी ठरवलेलं. बी.ए.ला मार्च-एप्रिलमध्ये गाइड वाचून पेपर देण्याची सवय झालेल्या मुलांना वाटतं, परीक्षा अजून लांब आहे. तोवर सप्टेंबरमध्ये निम्मी परीक्षा होऊन गेलेली असते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२३-२४ पासून पहिल्याच सत्रात संशोधन पद्धतीचा चार श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिट्सचा, विषयही आला. म्हणजे गृहीतक, नमुना निवड, ज्ञानमीमांसा हे शब्द मुलं पुण्यात रुळायच्या आधीच अंगावर येतात. म्हणून ऑगस्टमध्येच प्रत्येकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता करून घेतो. विषय, काय द्यायचंय, कधी, किती गुणांचं. मोबाइलमध्ये नाही, वहीत. मोबाइलमधलं कुणी उघडून बघत नाही.

आणि इंग्रजी. एम.ए.ची उत्तरं मराठीत लिहिता येतात, शिक्षकही वर्गात दोन्ही भाषांत बोलतात. पण वाचायचं ते बहुतेक इंग्रजीत. या दरीवर आमच्याच विद्यापीठात खोल विचार झालेला आहे. स्त्री अभ्यास केंद्राच्या शर्मिला रेगे यांनी फुले-आंबेडकरांच्या शिक्षणविचाराच्या आधाराने वर्गात कोण बोलतं, कोण गप्प राहतं आणि का, हा प्रश्न लावून धरला होता. २०१३ मध्ये त्या गेल्या. त्यांचे विद्यार्थी आज ठिकठिकाणी शिकवतात. मी त्यांच्या वर्गात नव्हते, पण ज्यांच्याकडून मी वाचायला शिकले ते होते.

आम्ही करतो ते साधं आहे. संध्याकाळी मोकळ्या वर्गात किंवा झाडाखाली सात-आठजण बसायचं आणि एकच लेख सोबत वाचायचा. अख्खा नाही, दोन-तीन पानं. सुरुवात मी दरवर्षी एकाच निबंधाने करते. १९१६ च्या मे महिन्यात डॉ. आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचलेला जातींविषयीचा निबंध. तेव्हा त्यांचं वय पंचवीस. समोर बसलेल्या मुलांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे, घरापासून हजारो मैल लांब, आणि तेही पदव्युत्तर विद्यार्थीच. हे सांगितलं की मुलं ताठ बसतात.

त्या निबंधात बाबासाहेब आधी इतरांच्या व्याख्या देतात. सेनार, नेसफिल्ड, रिझली हे जातींवर लिहिणारे युरोपीय अभ्यासक आणि आपले ज्ञानकोशकार केतकर, ज्यांनी स्वतः अमेरिकेत कॉर्नेलला जातींवर पीएच.डी. केली होती. मग एकेकाची व्याख्या ते तपासतात. आणि नवी मुलं दरवर्षी इथंच गडबडतात. वहीत लिहून घेतात, ‘आंबेडकरांच्या मते जात म्हणजे...’ आणि पुढे नेसफिल्डची व्याख्या! इंग्रजी कच्चं म्हणून हे होतं असं नाही. लेखक दुसऱ्याचं म्हणणं मांडून ते पुढे खोडतो, ही लिहिण्याची रीतच त्यांना कुणी दाखवलेली नसते. बी.ए.च्या पुस्तकात जे छापलंय ते सगळं पाठ करायचं असतं, तिथं कोण कुणाशी भांडतंय हा प्रश्नच नसतो.

मग आम्ही परिच्छेद मोठ्याने वाचतो आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारतो, हे कोण बोलतंय? बाबासाहेब की नेसफिल्ड? पेन्सिलीने समासात नाव लिहायचं. ‘बट’ किंवा ‘हाउएव्हर’ दिसलं की गोल करायचा, तिथून बहुधा वळण आहे. केतकरांच्या व्याख्येपाशी एकदा जतकडच्या एका मुलाने हात वर केला. केतकर जातीची दोन लक्षणं सांगतात, जन्मानेच सभासदत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. बाबासाहेब म्हणतात, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. तो मुलगा तोवर आठ दिवसांत एक शब्द बोलला नव्हता. म्हणाला, “म्हणजे बाहेर लग्नच करू दिलं नाही, तर जन्मलेलं पोर आपोआप जातीतलंच होणार की. मग दुसरी अट वेगळी लावायची गरजच काय?” बरोबर तेच त्या परिच्छेदात होतं. शब्दकोश न उघडता त्याने ते पकडलं. त्या संध्याकाळी सगळेच उशिरापर्यंत बसले आणि मेसला दोघांचा खाडा झाला.

त्यानंतर त्याला इंग्रजी सोपं झालं असं नाही. लेख अजूनही त्याला चार वेळा वाचावा लागतो. पण तो वाचतो, कारण आत काहीतरी आपल्याला कळण्यासारखं आहे, याची त्याला खात्री पटली आहे. माझ्या मते इंग्रजी सुधारण्याच्या शिकवणीआधी मुलांना ही खात्री मिळायला हवी. एम.ए.च्या मुलांना काळ-प्रयोगांचे वर्ग लावून देणारे भेटतात, शेजारी बसून एक पान वाचणारे कमी भेटतात.

शिक्षकांकडे जाण्याचंही तसंच. पहिल्यांदा मी केबिनमध्ये बरोबर जाते. दुसऱ्यांदा दाराबाहेर थांबते. प्रश्न आधी कागदावर लिहून न्यायचा, म्हणजे ‘काही समजलं नाही’ असं न म्हणता ‘या पानावरचा हा मुद्दा समजला नाही’ असं म्हणता येतं. आमच्या शिक्षकांनी असा प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला परत पाठवलेलं मी पाहिलेलं नाही. ईमेल लिहिताना वर नाव, वर्ग, विषय, खाली काम काय ते दोन ओळींत. व्हॉट्सॲपवर रात्री अकराला ‘सर आहात का’ नको.

पैशांची ओढाताण असलेल्यांना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाच्या ‘कमवा व शिका’ योजनेत नाव द्यायला लावतो. विद्यापीठातल्याच कार्यालयांत, ग्रंथालयात, बागेत रोज काही तास काम आणि तासाप्रमाणे मानधन. त्यात मेसचा बराच भार निघतो. काही मुलांना सुरुवातीला संकोच वाटतो, वर्गातल्या कुणी झाडांना पाणी घालताना बघितलं तर? मग दुसऱ्या वर्षाचा एखादा, तेच काम करून पहिल्या श्रेणीत आलेला, त्यांच्याशी बोलतो. माझ्या बोलण्यापेक्षा त्याचं बोलणं पटतं.

सप्टेंबर सरता सरता एक वेगळीच शांतता येते काही मुलांमध्ये. सुरुवातीची धावपळ संपलेली, पावसाने खोलीला ओल आलेली, पहिल्या चाचणीत कमी गुण. बी.ए.ला वर्गात पहिली येणारी मुलगी इथं मधल्या रांगेत जाते आणि घरी सांगू शकत नाही. कुणी वर्गाला येणं कमी करतं, कुणी अभ्यासिका लावून एमपीएससीच्या नादात एम.ए. सोडून देतं, कुणी दिवसभर झोपून राहतं. ज्याचा जेवणाचा डबा दोन दिवस तसाच परत जातोय त्याच्या खोलीवर जायला हवं, एवढं रूममेटना सांगून ठेवलेलं असतं. बोलण्याने भागत नाही असं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आम्ही स्वतः लावून देतो, तिथं मराठीत बोलता येतं. फोन त्या मुलाच्या हातात द्यायचा आणि आपण खोलीबाहेर बसायचं. नुसता नंबर पाठवून दिला तर तो लावला जात नाही.

आणि मग दिवाळी. माझ्या अनुभवात मुलं सुटतात ती या सुट्टीत. सोयाबीन काढणीला, कापूस वेचणीला माणूस हवं असतं, मुलींच्या घरी स्थळं येतात, घरची अडचण डोळ्यांसमोर दिसते आणि पुण्याला परत जाणं चैनीचं वाटायला लागतं. म्हणून सुट्टी संपायच्या दोन दिवस आधी आम्ही पुन्हा एकेकाला फोन करतो, जुलैत केला होता तसाच. ‘कधी निघतोयस, तिकीट काढलं का?’

यवतमाळचा एक मुलगा नाहीच आला. वडील आजारी होते, धाकटी बहीण बारावीला. प्रवेश रद्द करण्याआधी त्याला विभागात बोलायला लावलं. मिळवलेले श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन नोंदणीतल्या त्याच्या खात्यात जमा राहतात हे त्याला माहीत नव्हतं. सत्राची परीक्षा तेवढी देऊन जा, असं ठरलं. परीक्षेच्या दिवसांत तो आमच्याच एकाच्या खोलीवर राहिला, सगळे पेपर दिले आणि गेला. पुढे येईल की नाही हे त्याच्या शेतीवर आहे.

किनवटच्या त्या मुलीच्या वडिलांशी मीच बोलले. ते रागावलेले नव्हते, हिशोबात अडकले होते. खोली, मेस, बसचा पास, झेरॉक्स असं एकेक त्यांनी विचारलं, मी आकडे सांगितले. शिष्यवृत्तीचं जे जुन्या खात्यात आलं होतं तेही त्यांनी धरलं. मग म्हणाले, “कापसाचा पहिला वेचा विकला की पाठवतो. तवर तुमच्याकडं राहू द्या तिला.” ती आली. एक चाचणी बुडाली होती. मॅडमनी सादरीकरणाची नवी तारीख दिली.

सध्या आमच्यापुढचा प्रश्न उन्हाळ्याचा आहे. मे-जूनमध्ये मुलं गावी कामाला जातात आणि खोली धरून ठेवायची तर दोन महिन्यांचं भाडं फुकट जातं, सोडली तर जुलैत पुन्हा नवं डिपॉझिट. यंदा बोपोडीतल्या एका मालकांशी बोलणं झालंय. एकच खोली चालू ठेवायची, बाकीच्यांच्या पेट्या, गाद्या, पुस्तकं तिथं, आणि भाडं सगळ्यांनी वाटून भरायचं. मालक तयार आहेत, फक्त सामान कुणाचं किती ते लिहून द्या म्हणाले. ती यादी करायला या आठवड्यात बसायचंय.